मणक्याचं फ्युजन झालं, आता घरात वावरायचं कसं?

डिस्चार्जच्या कागदावर शेवटी दोन-तीन ओळी असतात. पुढे वाकू नका, वजन उचलू नका, टाके काढायला अमुक तारखेला या. हॉस्पिटलच्या दृष्टीने सगळं सांगून झालेलं असतं, मग पेशंट घरी येतो, आंघोळीला जातो, तिथे बादली जमिनीवर, पाण्याचा मग बादलीत, साबण खाली कोपऱ्यात, आणि पाच मिनिटात लक्षात येतं की न वाकता आपण दिवसभरात फारसं काही करतच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डोंबिवली-कल्याण भागात घरी जाऊन पेशंट बघते. कमरेच्या फ्युजननंतर, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडायच्या ऑपरेशननंतर, लोक मला जे विचारतात ते ऑपरेशनबद्दल फार कमी असतं. भारतीय संडासात कधी बसू, देवपूजा कशी करू, नातवाला कडेवर कधी घेऊ, जिना चढू का, स्कूटरवर मागे बसलं तर चालेल का, असले प्रश्न. म्हणून ते सगळं एकदा सलग लिहितेय. हे फक्त कमरेच्या फ्युजनबद्दल आहे, मानेचं ऑपरेशन असेल तर नियम थोडे वेगळे. आणि तुमच्या सर्जननी यापेक्षा काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण आत काय केलंय आणि हाड किती मजबूत होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, मी नाही.

आत नेमकं केलंय काय

कमरेत पाच मणके, एल १ ते एल ५, त्याखाली सेक्रम म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड (त्याचा पहिला भाग एस १), आणि प्रत्येक दोन मणक्यांच्या मधे गादी. सगळ्यात जास्त भार खालच्या दोन सांध्यांवर येतो, एल ४-एल ५ आणि एल ५-एस १, त्यामुळे फ्युजनही बहुतेक वेळा तिथलंच असतं. मणका पुढे सरकलेला असतो, किंवा गादी पार झिजून नस दबलेली असते आणि नुसती नस मोकळी केली तर मणका हलत राहील अशी भीती असते, मग सर्जन तो सांधा कायमचा जोडून टाकतात. नस मोकळी करायची, खराब गादी काढून तिथे छोटा पिंजरा बसवायचा ज्याला केज म्हणतात, वरच्या-खालच्या मणक्यात स्क्रू घालून ते रॉडने बांधायचे, आणि या सगळ्यात हाडाचे बारीक तुकडे भरायचे. ते तुकडे बहुतेकदा पेशंटचेच असतात, तिथलंच काढलेलं हाड किंवा कधी खुब्याच्या कडेचं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. लोकांना वाटतं स्क्रू घातले म्हणजे मणका जोडला. नाही हो. मणका जोडणार ते हाड, आणि ते अजून तयारच व्हायचंय. १९११ साली न्यूयॉर्कमधे हिब्स आणि आल्बी या दोन सर्जननी वेगवेगळं काम करत पहिली फ्युजन केली तेव्हा आजच्यासारखे स्क्रू-रॉड नव्हतेच, हाडाला हाड लावायचं आणि पेशंटला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचं असा मामला होता. आज आपण दुसऱ्या दिवशी चालतो ते स्क्रूंमुळे. स्लॅब टाकल्यावर खाली सेंट्रिंग असतं ना, तेवढंच काम त्यांचं, स्लॅब पक्का होईपर्यंत धरून ठेवायचं, फक्त हे सेंट्रिंग नंतर काढत नाहीत. हाड जुळलंच नाही तर रोजच्या हालचालीने स्क्रू हळूहळू सैल होतात, कधी रॉड तुटतो सुद्धा, धातू कितीही भारी असला तरी.

आणि यातली गोम अशी आहे की प्रत्येक गोष्ट वेगळ्या वेगाने बरी होते. वरची कातडी दहा ते चौदा दिवसात. कापलेले, ताणलेले स्नायू साधारण सहा ते बारा आठवड्यात. हाड एक्स-रेवर दिसण्याइतकं धरायला तीन ते सहा महिने, नीट घट्ट व्हायला वर्ष, काहींना दीड वर्ष. नस सगळ्यात हळू, खराब झालेली नस वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या हिशोबाने. दुखणं मात्र स्नायूंबरोबर कमी होतं, म्हणजे चौथ्या-सहाव्या आठवड्यात पेशंटला वाटायला लागतं की मी झालो बरा, आणि हाडाच्या बाजूने बघाल तर ते अजून कच्चं आहे. माझ्या मते पहिले पंधरा दिवस तेवढे धोक्याचे नसतातच, दुखतंय म्हणून माणूस आपोआप जपतो. खरी गडबड होते दुसऱ्या महिन्यात, दुखत नाही म्हणून.

अंथरुणातून उठणं

हे नीट शिकलं की अर्धं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पाठीवर झोपलेले असाल तर आधी दोन्ही गुडघे दुमडा, पावलं गादीवर. मग खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी एका कुशीला वळवायचे, आधी खांदा मग मागून कंबर असं नाही, ते केलं की पीळ पडला. कुशीवर आलात की पलंगाच्या कडेशी सरका, दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली सोडा, आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून अंग वर ढकला. पाय खाली जातात, अंग वर येतं, कंबर मधे सरळच राहते. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, मिनिटभर थांबायचं, गोळ्यांनी चक्कर येते. झोपताना हेच सगळं उलट्या क्रमाने.

कल्याणच्या एका काकूंकडे गेले होते तर काका त्यांना उठवायला दोन्ही हात धरून समोरून ओढत होते, "अगं हात दे इकडे, मी आहे ना." प्रेम आहे, पण त्यात काकूंची कंबर गोल होते आणि सगळा ओढा टाक्यांवर. काकांना म्हटलं तुम्ही फक्त मागे उभे राहा आणि पाठीवर हात ठेवा, उठतील त्या. उठल्या. काकांना जरा रागच आला, आपली गरज नाही म्हणून. बगलेत हात घालून उचलणं किंवा पेशंटने गळ्यात हात टाकून लोंबकळणं हेही तसंच, दोघांच्या कमरेचा बळी.

पलंग असा हवा की कडेला बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली राहतील. जमिनीवरची गादी सध्या बंद. "आम्हाला आयुष्यभर खालीच झोपायची सवय आहे, कडक जमीन पाठीला चांगली" असं पुष्कळ जण सांगतात, प्रश्न जमिनीच्या कडकपणाचा नाहीये, तिथून उठताना काय होतं त्याचा आहे. पाठीवर झोपताना गुडघ्याखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी. पालथं झोपायचं नाही.

बाथरूम

घरातली सगळ्यात अवघड जागा हीच. आंघोळ प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीवर बसून करायची, बाथरूममधे मावत असेल तर. पाटावर किंवा छोट्या मोरीच्या स्टुलावर नाही, तो फार खाली असतो. बादली खाली न ठेवता दुसऱ्या मजबूत स्टुलावर, आणि ती समोर ठेवा, बाजूला नाही, नाहीतर प्रत्येक मगाला कंबर वळते. बादली भरून द्यायला माणूस लागेल किंवा नळाला पाइप लावून तिथल्या तिथे भरा. हँड शॉवर असेल तर प्रश्नच मिटला. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला लटकवला की तो खाली पडून घसरत जात नाही आणि मग सवयीने पटकन वाकणंही होत नाही. पोटरीच्या खालचं धुवायला लांब दांड्याचा ब्रश. जखमेवर पाणी कधी चालेल हे ड्रेसिंगवर अवलंबून असतं, ते विचारून घ्या, आणि चाललं तरी घासायचं नाही, टिपायचं.

संडास भारतीय असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळते पुष्कळ ठिकाणी. ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, घरी आल्या दिवशी शोधाशोध नको. वेस्टर्न असेल पण बुटका असेल तर उंच करणारी सीट मिळते. धुताना हात मागे नेऊन अंग वळवावं लागतं ही गोष्ट कोणी बोलत नाही पण सगळ्यांना छळते, त्यासाठी जेटचा फवारा लावून घ्या. आणि भिंतीला पकडायला दांडी लावायची तर खरी पकडीची दांडी लावा, टॉवेलच्या रॉडला धरून उठू नका, तो निघून हातात येतो.

बाथरूमचाच विषय निघालाय तर बद्धकोष्ठ. ट्रॅमाडॉल किंवा टॅपेन्टाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आतडी सुस्त करतात, त्यात चालणं कमी, पाणी कमी, कारण बाथरूमला जायला नको म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुंथायची वेळ येते आणि सगळा ताण कमरेत. पहिल्या दिवसापासूनच पाणी, पपई, पालेभाजी, इसबगोल, आणि डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं असेल तर ते लाजून टाळू नका.

कपडे, चपला

बायकांना गाऊन सगळ्यात सोपा. साडीच नेसायची असेल तर परकर पायातून न घालता डोक्यावरून घाला, हे कुठल्याही पुस्तकात नाही, मला एका पेशंटनेच शिकवलं. पॅन्ट, पायजमा खुर्चीत बसून लांब दांड्याच्या पकडीच्या चिमट्याने वर ओढायचा. हा चिमटा म्हणजे टोकाला पकड आणि हातात ट्रिगर, ऑनलाइन मिळतो, पडलेला रिमोट, खालचा मोजा, सगळं त्याने उचलता येतं, आणि मला विचाराल तर या काळातली सगळ्यात उपयोगी खरेदी हीच. चप्पल मागे पट्टा असलेली. अंगठ्याची सैल स्लिपर नको, त्यातून पायाला बधिरपणा असेल तर ती कधी निसटली ते कळतही नाही. घरातली पायपुसणी गुंडाळून ठेवा सगळी. रात्री बाथरूमच्या वाटेवर एक छोटा दिवा चालू.

चालणं हाच व्यायाम

पहिले सहा आठवडे बाकी काही नाही, चालायचं. घरी आल्यावर पाच-दहा मिनिटं, पण दिवसातून चार-पाच वेळा. सकाळी एकदाच अर्धा तास चालून मग दिवसभर आडवं पडायचं, ते चुकीचं. मग हळूहळू वेळ वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर काल जास्त झालं, एक पायरी मागे या. बसल्या-झोपल्या पावलं वर-खाली हलवत राहा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

बसणं एका वेळी वीस ते तीस मिनिटं, उंच, हातवाल्या खुर्चीत. सोफा नको. आणि इथे पेशंटला भेटायला येणाऱ्या मंडळींबद्दल मला बोलायचंय. पेशंट बिचारा संकोचाने सोफ्यात रुतून दीड तास बसतो, चहा होतो, कुणाच्या मामेभावाचं ऑपरेशन कसं फसलं ते ऐकून होतं, आणि संध्याकाळी मला फोन येतो की आज पाय फार दुखतोय. सरळ सांगा की वीस मिनिटांनी आत जाऊन पडणार. नाराज होईनात का.

या काळात कुणीतरी भुजंगासन सुचवणारच, कंबरदुखीवर रामबाण म्हणून. फ्युजननंतर सर्जन आणि फिजिओ हो म्हणेपर्यंत भुजंगासन नाही, सूर्यनमस्कार नाही, टेबलवर पालथं पाडून मालिश तर अजिबात नाही. गरम पिशवीनेही जपून, जखमेच्या आसपासची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. पट्टा किती दिवस लावायचा यावर सर्जनमधेच एकमत नाही, काही जण तीन महिने लावतात, काही जण मुळीच देत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याला दिला आणि मला नाही म्हणून घाबरू नका. पट्टा लावला म्हणून वाकायची परवानगी मिळाली असं मात्र समजू नका.

वजन म्हणजे किती

पहिल्या सहा आठवड्यांसाठी बहुतेक सर्जन दोन ते चार किलोच्या आसपास सांगतात. आता घरातल्या वस्तूंचं वजन आपल्याला माहीतच नसतं. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठीक. दोन लिटरची पाण्याची बाटली म्हणजे दोन किलो, ती अंगाशी धरून ठीक. पाच लिटरचा कुकर वरण-भाताने भरलेला असेल तर तो मर्यादेच्या काठावर किंवा बाहेरच. भरलेली बादली पंधरा-वीस किलो. पाण्याचा मोठा जार वीस किलो. घरगुती गॅस सिलिंडरमधे गॅसच १४.२ किलो आणि वर लोखंडाचं वजन, मिळून तीस किलोच्या आसपास, त्याला हातही लावायचा नाही, आणि "उचलत नाहीये, नुसता तिरका करून फिरवतेय" हे पण नाही. वर्षा-दीड वर्षाचं नातवंड दहा किलोचं सहज असतं आणि ते हलतं वर. त्याला तुमच्या मांडीवर दुसऱ्याने आणून बसवायचं. शिवाय वजन अंगापासून लांब धरलं की कमरेवरचा ताण कितीतरी पटीने वाढतो, म्हणून एक किलोचा डबा हात लांब करून वरच्या फळीवरून काढणं हे दोन किलो पोटाशी धरण्यापेक्षा वाईट असू शकतं.

यावरून स्वयंपाकघर. रोज लागणाऱ्या सगळ्या वस्तू कमरेच्या आणि खांद्याच्या मधल्या उंचीवर आणून ठेवा. खालच्या ट्रॉलीतली कढई, पिठाचा डबा, तेल, सगळं ओट्यावर. ओटा गच्च दिसेल, दिसू दे. कुकर ओट्यावरच ठेवून तांब्याने पाणी घाला आणि भात झाल्यावर कुकर न उचलता पळीने वाढून घ्या. विळी सुटीवर. कल्याणच्या त्याच काकूंनी एक छान केलं, रिकामा झालेला लाकडी पाट ओट्याखाली ठेवला आणि पोळ्या करताना एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा. असं केलं की उभं राहून कमरेत येणारा ताण कमी होतो. केर-फरशी पहिले तीन महिने दुसऱ्या कुणीतरी करायची, कारण त्यात वाकणं, वळणं आणि ढकलणं तिन्ही एकत्र असतं, लांब दांड्याचा मॉप असला तरी. आणि वळायचं असेल तेव्हा कायम पावलं टाकून वळा, पाय तिथेच ठेवून कमरेतून नाही.

परत वाकायला शिकणं

साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या मधे सर्जन फिजिओ सुरू करायला सांगतात. तोवर पेशंटच्या मनात इतकी भीती बसलेली असते की रोबोटसारखा चालतो. एक ऐकून बरं वाटेल, एक-दोन सांधे जोडले तरी रोजच्या वाकण्यात तेवढा फरक पडत नाही, कारण माणूस वाकतो त्यातला मोठा भाग खुब्यातून असतो. आपण तो वापरत नाही, कंबर गोल करून वाकतो. म्हणून शिकायचं ते हे: पाठ सरळ, गुडघे थोडे सैल, नितंब मागे ढकला, अंग पुढे येतं. भिंतीकडे पाठ करून वीतभर लांब उभं राहून नितंबाने भिंतीला स्पर्श करायचा, इतकं साधं. खालची हलकी वस्तू उचलायला एका हाताने टेबल धरायचं, एक पाय सरळ मागे उचलायचा आणि दुसऱ्या हाताने वस्तू घ्यायची. याच्याबरोबर पोटाचे आतले स्नायू आणि नितंबाचे स्नायू मजबूत करायचे, कारण जोडलेल्या सांध्याची हालचाल आता त्याच्या वर-खालचे सांधे करणार आणि काही वर्षांनी तेच कुरकुरायला लागू शकतात.

घरच्यांनी काय करावं तर थोडं कमी करावं. आमच्याकडे माया फार. आईला ऑपरेशननंतर महिना झाला तरी पाण्याचा ग्लास हातात, मोजे मुलगी घालणार, भांग सून पाडणार. मग तीन महिन्यांनी ती बाई बरी असते पण एकटी घरात राहायला घाबरते. दर आठवड्याला एक काम तिच्या ताब्यात परत द्या. आधी स्वतःचे कपडे, वीस मिनिटं लागू दे. मग स्वतःचा चहा. मग दार उघडणं, फोनवरून भाजी मागवणं, मग खाली जाऊन येणं. एकटी असेल तेव्हा फोन गळ्यातल्या पाउचमधे, टेबलवर नाही. ब्युरोची आया ठेवली असेल तर तिलाही न वाकण्या-वळण्याचे नियम पहिल्याच दिवशी करून दाखवा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेशंट चिडतो, रडतो, ऑपरेशन उगाच केलं म्हणतो. झोप नीट नसते, गोळ्या, घरकोंडी, त्यातून हे होतं, पुष्कळांना होतं. पण महिनाभर मन वरच येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, तेही दुखण्यातच धरायचं.

जिना, रिक्षा, लोकल

लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचे पेशंट माझ्याकडे भरपूर. जिना चढायला बंदी नसते, कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एका पायरीवर दोन्ही पाय आणून. पहिले दिवस फेऱ्या मोजक्या. रिक्षात किंवा गाडीत बसताना आधी पाठमोरं होऊन नितंब टेकायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत. गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की घसरून वळता येतं, निघताना काढून टाका. लांबचा प्रवास असेल तर अर्ध्या-पाऊण तासाला उतरून चाला. स्वतः गाडी चालवणं, सुस्ती आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत तोवर नाहीच, आणि जोरात ब्रेक दाबायची वेळ आली तर पाय न कचरता दाबता आला पाहिजे, बरेच सर्जन सहा आठवड्यांनंतर विचार करतात. स्कूटरवर मागे बसणं त्याहून उशिरा, आपल्याकडच्या खड्ड्यांत प्रत्येक दणका थेट बुडातून कमरेत जातो, तीन महिने तरी नकोच असं मी सांगते. बैठं काम चार ते आठ आठवड्यात सुरू होऊ शकतं, पण डोंबिवलीहून गर्दीची लोकल पकडून जायचं असेल तर ऑफिसचं काम सोपं आणि जाणं-येणंच जड. वेळ बदलून मागा, जमलं तर घरून करा. हमाली, शेती, बांधकाम असेल तर तीन ते सहा महिने, कधी जास्त. नवरा-बायकोतले संबंध, जे कोणी विचारत नाही, साधारण चार-सहा आठवड्यांनी दुखत नसेल तर चालतात, ऑपरेशन झालेल्याने खाली, आरामात.

हाडाला काय हवं

तंबाखू बंद. सिगरेटच नाही, मशेरी, गुटखा, तंबाखूची चिमूट, सगळं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो. मशेरी लावणाऱ्या आज्या "मी कुठे ओढते" म्हणतात, पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातंच. शुगर असेल तर ती ताब्यात. प्रोटीन भरपूर, डाळी, उसळी, अंडी, पनीर, मासे. पायाचं सूप आवडत असेल तर प्या, त्याने हाड लवकर जुळतं असं मात्र नाही. ड जीवनसत्व आपल्याकडे पुष्कळांचं कमी असतं, तपासून डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणातच घ्या. केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने आणू नका, हाड जुळण्याच्या काळात काही सर्जन या गोळ्या टाळायला सांगतात, आणि किडनीला, पोटाला त्रास होऊ शकतो तो वेगळाच. नसेच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन चालू असेल तर अचानक थांबवू नका, कमी करत करत, विचारून.

पायातल्या मुंग्यांबद्दल सगळे घाबरतात. नस मोकळी झाली की साधारणपणे कळ आधी जाते, ताकद हळूहळू येते, बधिरपणा शेवटी जातो, कधी थोडा उरतोही. मधे दोन-चार दिवस जुनी कळ परत आल्यासारखी वाटणं होतं. पण काही गोष्टींसाठी वाट बघायची नाही, रात्र असली तरी फोन करायचा: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पाऊल अचानक लटकं पडणं, यात तास महत्त्वाचे असतात. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर फोनच्याही आधी सरळ हॉस्पिटल. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, जखम लाल-गरम होणं, पू किंवा पाण्यासारखं काही वाहणं, बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, हे असेल तर त्याच दिवशी.

एक्स-रे साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष असे काढतात. दुखत नाही म्हणून वर्षाचा एक्स-रे लोक बुडवतात, तो बुडवू नका, हाड धरलंय का ते तिथेच कळतं. जमिनीवर बसणं बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांनंतर, विचारून, आणि तेही थेट खाली नाही. खुर्ची धरायची, एक गुडघा टेकायचा, मग दुसरा, मग एका बाजूला बसायचं. उठताना तीच खुर्ची. पूजेला तोवर देव उंचावर आणा, चौरंगावरचे देव टेबलावर चालतात. काहींना नंतरही मांडी जमत नाही, तेव्हा पंगतीत खुर्ची मागून घ्यायची.

स्क्रू नंतर काढावे लागतात का, तर बहुतेक वेळा नाही, सैल झाले किंवा जंतुसंसर्ग झाला असं काही कारण असेल तरच. आजकालचे स्क्रू बहुतेक टायटॅनियमचे असतात, त्यामुळे पुढे एमआरआय लागला तर सहसा करता येतो, फक्त आधी सांगायचं. म्हणून ऑपरेशनचा कागद, कुठल्या कंपनीचे स्क्रू घातले त्याचे स्टिकर आणि सगळे एक्स-रे एका फाइलमधे ठेवा, आणि त्याचा एकेक फोटो घरातल्या दोन माणसांच्या फोनमधे.